तारण, तबला आणि थॉमसकाकांचे बूट

आइस्क्रीमचे रिकामे डबे आईच्या कपाटात कसे आपोआप साठतात, तसे आमच्या मंडळीत किस्से साठतात. एक काढायला जावं तर बाकीचे धडाधड अंगावर!

मंडळी म्हणजे आमचं मराठी ख्रिस्ती चर्च. डार्मश्टाटला एका जर्मन चर्चचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी मिळतो. सकाळी जर्मन लोक गुपचूप बसून गुपचूप जातात. दुपारी आम्ही येतो, आणि मंगळवारपर्यंत हॉलला मटणाचा वास येतो.

मी तबला वाजवतो. म्हणजे बडवतो. शाळेत नववीला दुसऱ्यांदा बसलोय आणि मराठी वाचायला आईने बायबलवरून शिकवलं. त्यामुळे मला 'टोमॅटो' लिहिता यायच्या आधी 'व्यभिचार' लिहिता येत होतं!

तर आमच्यात दोन पार्ट्या आहेत. एका पार्टीचे थॉमसकाका. औषधांच्या कंपनीत नोकरी, पाळक, म्हणजे पाद्री, नाहीत, पण माईक सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं, माणसाचं तारण, म्हणजे पापांतून सुटका, एकदा झालं की झालं, ते परत जात नाही. दुसरी पार्टी सालोमीमावशी. तिचं म्हणणं, जातं! सांभाळलं नाही तर हातातून जातं. दर रविवारी जेवताना हा वाद होतो आणि दर रविवारी रस्सा गार होतो.

मावशीचा मुलगा रूबेनदादा येना शहरात लेन्सच्या कंपनीत आहे. मला तबला त्यानेच शिकवला. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणात तो शांतपणे म्हणाला, "माझा आता विश्वास नाही. आई, रागावू नकोस." तेव्हापासून तो हॉलमध्ये येत नाही. कधी आईला सोडायला आलाच तर बाहेर गाडीत बसतो. त्यामुळे 'तारण जातं का' हा प्रश्न आमच्याकडे कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना माहितीये. नाव कोणी घेत नाही.

* * *

एकदा उपासनेनंतर आम्ही सगळे एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, फ्रँकफर्टला एका मुलीच्या वाढदिवसाला निघालो. गाडीतही वाद चालूच. काका म्हणाले, तारण म्हणजे आपला महिन्याचा पास. खिशात आहे ना? मग बिनधास्त बसा, दर स्टेशनला घाबरायचं कशाला!

आणि तिकिटं तपासणारी कंट्रोलर आली. काय टायमिंग!

काकांनी मोबाईल काढला. बंद. पास मोबाईलमध्ये आणि बॅटरी प्रवचनातच संपलेली, कारण काका मोबाईलवरून वचनं वाचतात आणि थांबत नाहीत. कंट्रोलरने शांतपणे नाव-पत्ता लिहून घेतला आणि म्हणाली, पास असेल तर नंतर ऑफिसात आणून दाखवा.

काका खूश! मावशीकडे वळून म्हणाले, "बघा ताई, पास माझाच आहे. आत्ता दिसत नाही, एवढंच."

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाव लिहून घेतलं ना? तिकडेही घेतात."

काका फ्रँकफर्टपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. वाढदिवसाच्या मुलीला तेच मोठं गिफ्ट!

* * *

मला एकदा शिक्षा म्हणून संडे स्कूलला काकांचा मदतनीस केलं. कशाची शिक्षा ते सोडा, हार्मोनियममध्ये पॉपकॉर्न होते एवढंच सांगतो.

तिथली पोरं मराठी समजतात, उत्तर जर्मनमध्ये देतात. काका चित्र काढून समजावत होते की तारण कधीच हरवत नाही. सहा वर्षांच्या नोआने हात वर केला आणि जर्मनमध्ये म्हणाला की हरवलंच तर फुंडब्युरोत जायचं.

फुंडब्युरो म्हणजे हरवलेल्या वस्तूंचं सरकारी ऑफिस. ट्रॅममध्ये काही विसरलं की तिथे मिळतं.

काका म्हणाले, "अरे, पण हरवतच नाही."

नोआ म्हणाला, "आल्झो (म्हणजे 'हे बघा'), माझी टोपी हरवली होती. तिथेच होती."

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. तिने नोआला दोन करंज्या दिल्या. मला एकही नाही. मीही टोपी हरवली असती!

* * *

आता माझा मास्टरपीस ऐका.

आमच्यात शिकवतात की प्रभू येईल तेव्हा त्याचे लोक एका क्षणात वर उचलले जातील, बाकीचे इथेच राहतील. हिवाळ्यात एकदा मावशी तळघरातल्या किचनमध्ये रस्सा गरम करायला गेली, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. मी सगळ्यांना म्हटलं, जॅकेट खुर्चीवर, बूट खुर्चीखाली, चष्मा बायबलवर, आणि गुपचूप शेजारच्या खोलीत चला. मला वाटलं काका ओरडतील. काकांनी सगळ्यात आधी बूट काढले!

खोली म्हणजे बर्फ. सगळी मंडळी मोज्यांवर नाचतेय आणि मी दाराच्या फटीतून बघतोय.

मावशी पळी घेऊन वर आली. थांबली. एकेक खुर्ची बघत चालली. आम्ही हसू दाबून मरायला टेकलो होतो. मग तिने फोन काढला.

"रूबेन? आहेस ना रे? नाही, काही नाही. मी पण इथेच आहे. घाबरू नकोस."

आतलं हसू एकदम बंद. माझी आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच उचलला गेलो तर बरं असं वाटलं.

मावशीने फोन ठेवला आणि पुढे आली. काकांच्या खुर्चीपाशी वाकून तिने त्यांचा बूट उचलला, उलटा करून बघितला.

"थॉमस गेला आणि मी राहिले? हॅ! या बाहेर सगळे, रस्सा गार होतोय."

* * *

ओंकारदादा पुण्याचा. इथे युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. ख्रिस्ती नाही, पण आमच्या मटणावर त्याची अपार श्रद्धा! एका रविवारी त्याने भात कालवता कालवता साधाच प्रश्न विचारला, "काका, तारण जात नाही म्हणता, मग जे सगळं सोडूनच जातात त्यांचं काय?"

बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. आईने त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती मला लागली.

काकांकडे उत्तर तयार असतं आणि तोंड उघडं असतं. म्हणाले, "सोपं आहे. जे जातात, ते मुळात आपले नव्हतेच. त्यांचं तारण झालेलंच नव्हतं."

सगळ्यांनी ताटात बघितलं. काकांना स्वतःचं वाक्य दोन घासांनंतर कळलं. चेहरा असा झाला, जसा मिरची चावल्यावर होतो.

मावशी वाढत होती. पळी हवेतच राहिली. रागावली नाही, आवाजही चढवला नाही.

"थॉमस, हरवलं म्हण. मी पण तेच म्हणते. हरवलेलं सापडतं. नव्हतंच म्हणालास, तर मी शोधू काय?"

काका उठले, तिच्या हातातली पळी घेतली आणि स्वतः सगळ्यांना वाढत फिरले. शेवटची प्रार्थना त्यांनी दोन वाक्यांत संपवली. आमच्या मंडळीच्या इतिहासात रेकॉर्ड!

ओंकारदादा मला हळूच म्हणाला, "मी काही चुकीचं बोललो का?" मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर. आता कांदा पास कर."

* * *

आणि हा ईस्टरचा.

मावशीने एवढं मोठं पातेलं भरलं होतं की ट्रेनने आणणं शक्यच नव्हतं. म्हणून रूबेनदादा येनाहून आला, आईला आणि पातेल्याला गाडीतून आणलं, पातेलं दारापर्यंत दिलं आणि परत गाडीत जाऊन लॅपटॉप उघडून बसला.

मी टॉयलेटमध्ये गेलो आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज गुंडाळलं. पट्ट्या शाळेतल्या फर्स्ट-एडच्या. उधार! मग जाऊन गाडीची काच वाजवली.

"काय केलंस?" दादा म्हणाला.

मी म्हटलं, जिन्यावरून पडलो, मनगट गेलं, आज तबला वाजवायला कोणी नाही.

"मग यूट्यूब लावा."

"काकांच्या मोबाईलवर? त्यांचं अर्धं प्रवचन झालंय. बॅटरी राहिली असेल?"

तो हसला नाही. बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. तबलेवाल्यांचं हेच असतं, बोटं ऐकत नाहीत. शेवटी म्हणाला, "फक्त तबला. आमेन-बिमेन म्हणणार नाही."

"कोणी सांगितलंय?"

आम्ही आत शिरलो. सगळी मंडळी एकदम छताकडे, खिडकीकडे, पायाकडे बघायला लागली. आमची माणसं एवढं वाईट अ‍ॅक्टिंग करतात ना! फक्त मावशी गाण्याच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती, आणि पुस्तक उलटं होतं. काका माईकवर होते. त्यांनी दादाला बघितलं, मला बघितलं, माझं बँडेज बघितलं. मी मनात म्हटलं, आता हे स्वागत करणार, साक्ष मागणार, म्हणजे विश्वासाबद्दल चारचौघांत बोलायला लावणार, सगळं नासवणार.

काका म्हणाले, "प्रवचन इथेच संपलं. आता गाणी." आणि माईक ठेवला. स्वतःहून!

दादाने हातोडीने तबला ठोकून सुरात आणला. माझ्या हातात तो सहा महिने बेसूर होता हे तेव्हा सगळ्यांना कळलं. मग मावशीने भजन धरलं. तिच्या सासूबाई नगरला म्हणायच्या ते, जुनं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याला ती अडली. शब्द आठवेनात. हार्मोनियम तोच सूर धरून थांबली. कोणालाच ते कडवं येत नव्हतं. तबला मात्र चालू होता.

दादाने मान वर केली नाही. ठेका न सोडता, खाली बघतच त्याने पुढची ओळ म्हटली. पूर्ण. मग मावशीने ती उचलली. पुढच्या कडव्यालाही ती थांबली, आणि पुढची ओळ परत तबल्याकडूनच आली. दोघंच गात होती. काकांचा मोबाईल चार्जिंगला होता आणि काका भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते.

शेवटी आमेन आलं. सगळे म्हणाले. दादा नाही म्हणाला. ठरलं होतं ना तसं.

नंतर मी तळघरात मावशीला भांडी घासायला मदत करत होतो. ते मोठं पातेलं मी दोन्ही हातांनी उचलून उपडं ठेवलं, आणि मग लक्षात आलं की बँडेज सिंकमध्ये पडलंय.

मावशीने ते उचललं, पिळलं, माझा हात ओढून घेतला आणि परत गुंडाळायला लागली. घट्ट. कोपरापर्यंत. वरती दादा गाडी काढत होता, हॉर्नचा आवाज आला.

"खूप दुखतंय ना रे?" मावशी म्हणाली.

मी म्हटलं, "नाही मावशी, म्हणजे, आता तसा बरा..."

तिने गाठ मारली.

"पुढच्या रविवारी पण दुखू दे."