वळणावरची टकटक

रंगनाथतात्यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. भिगवणला त्यांच्या गॅरेजच्या आवारात एक जीप सावकाश गोल फिरत होती आणि तात्या मागच्या बाकावर. अंथुर्ण्यात दहा वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करून मोठ्या तोऱ्यात आलेला मी. मला वाटले, मालक झोपलेत. डोळे न उघडताच ते म्हणाले, "टकटक आयकली का? ब्येस हाय."

ती टकटक मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या, आपोआप लॉक होणाऱ्या डिफरेन्शियलची. साध्या जीपचे एक मागचे चाक चिखलात रुतले की सगळा जोर त्याच्याकडेच जातो. ते गरगर फिरते आणि कोरड्यावरचे चाक ढिम्म हलत नाही. तात्या जे यंत्र बसवत त्यात दोन्ही चाके एकत्र बांधलेली असतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो. ते पुढे धावू लागले की आतले दात टकटक करत त्याला मोकळे सोडतात आणि वळण संपले की पुन्हा धरतात. ड्रायव्हरला काहीच करावे लागत नाही.

"कवा सोडायचं आन् कवा धरायचं, ह्ये त्येचं त्येला ठावं असतंय," असे म्हणून तात्या उजनी धरणाच्या पाण्याकडे पाहत राहत. त्यांचे ते पाहणे संपेपर्यंत आमच्या हातातले पानेही थांबत.

एकदा तात्या लग्नासाठी दिवसभर बावड्याला गेले होते. त्यांचे जिवलग मित्र नामदेवराव मासळीची जीप आवारात लावून गेले; तात्या गावात नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हते. टकटक मोठी वाटली. दात झिजले, असे मीच ठरवले आणि तात्यांना न विचारता वेल्डिंग मारून दोन्ही चाके कायमची जखडून टाकली. दुसऱ्या दिवशी पाण्याकाठच्या वळणावर जीप वळलीच नाही. सरळ गाळात गेली, थेट बॉनेटपर्यंत. नामदेवराव बचावले, हीच देवाची कृपा.

तात्यांनी जीप खोलली. माझे वेल्डिंग त्यांनी ओळखले. नामदेवराव कडाडले, "कुणाचा हात ह्यो?"

"माजाच," तात्या म्हणाले.

मी मान खाली घालून उभा राहिलो. तोवर रोज सकाळी एका बाकड्यावर चहा पिणारे दोघे मित्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोललेले नाहीत. मला तात्या एवढेच म्हणाले, "उंद्या लवकर ये. नीट शिकवतो." त्यांनी शिकवले, आणि त्यावरच माझे घर उभे राहिले.

आज पंचाहत्तरीत तात्यांना ऐकू कमी येते. जीप गोल फिरत असताना ते मागच्या बाकावरून तळहात खाली पत्र्यावर टेकवतात, डोळे मिटतात आणि हसतात. त्या हसण्यापुढे मला माझीच लाज वाटते.

नामदेवराव, तात्यांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ आपल्या हाती येईलच. तो हात माझा होता. तात्यांचा नव्हे.

तात्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यातल्या सकाळी पुन्हा तुम्हा दोघांच्या होवोत. बाकड्यावरची तुमची जागा ते अजून रोज पुसून ठेवतात.