वऱ्हाडाच्या बसमधलं बिऱ्हाड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध घेताना मी आधी त्यातलं पाणी बघते, मग दूध. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर पिशवीत टाकली की मला त्याची वांगी किडकी वाटायला लागतात. त्यामुळे एका संध्याकाळी नवरा हात पुसत म्हणाला, "अगं, वर्षभर बसमध्ये राहायचं का?" तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं?

शिवाजी पेठेतलं आमचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं. घर म्हणजे तीन खोल्या, वर पत्रे, आणि दारातच रस्त्याला लागून गोठा. गोठ्यात एक म्हैस. ती मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची; नवरा त्यांना आबा म्हणतो. मामांनी उभी हयात साखर कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर म्हणून काढली. रिटायर झाले त्याच वर्षी सासूबाई गेल्या आणि मामांनी ही म्हैस आणली. तेव्हापासून ते घरात कमी आणि गोठ्यात जास्त. दिवाळीच्या पाडव्याला तिला धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात गोंडे बांधून ते मोटरसायकलवर पुढं निघायचे आणि म्हैस त्यांच्या हॉर्नमागं पळायची. दावं नाही, काठी नाही. पेठेत अशा म्हशी बऱ्याच असतात, पण मामांना वाटायचं त्यांची एकटीच आहे. मामांचे गुडघे गेल्यावर नवऱ्यानं ती मोटरसायकल विकून टाकली. मामा आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

भाड्याचं घर शोधायला आम्ही कमी फिरलो नाही. मालक आधी विचारायचे माणसं किती, मग विचारायचे मटण शिजवता का. तिथपर्यंत सगळं ठीक चालायचं. म्हैस म्हटलं की फोन ठेवायचे. म्हैस कुणाकडं तरी ठेवू म्हटलं, तर मामांचं उत्तर तयार असायचं, "मग मलाबी तितंच ठेवा."

शहराबाहेर, कळंब्याच्या पुढं नणंदेची मोकळी जागा पडून होती. तिथं जुनी बस उभी करून राहायचं, म्हैस बाहेर बांधायची, असा नवऱ्याचा बेत. गडमुडशिंगीजवळच्या एका गॅरेजात आम्ही तिघं बस बघायला गेलो.

"बिनघोर घ्या, पावणं," गॅरेजवाला म्हणाला. "वऱ्हाडाची गाडी व्हती. हिनं नुसती लग्नं बघितल्यात. इंजिन एक नंबर हाय."

"एक नंबर हाय तर विकताय कशाला?" मी विचारलं.

"नवी घेतली की, वहिनी."

उत्तर फार पटकन आलं. मी बसभर फिरले. पत्र्यावर बोटांनी वाजवून बघितलं, नव्या रंगाखाली कसला वास येतो ते नाक लावून बघितलं. मागच्या सीटखाली हिरव्या बांगड्यांच्या काचा सापडल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढं लगेच घाटातला अपघात उभा राहिला. नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "लग्नाच्या गाडीत बांगड्याच फुटणार. नांगराचा फाळ सापडणार आहे का?"

तेवढ्यात मामा एकेक गुडघा उचलत ड्रायव्हरच्या सीटवर चढले. स्टिअरिंगवरून त्यांनी हात फिरवला आणि हॉर्न दाबला. लांबलचक, दोन सुरांचा हॉर्न. गॅरेजातली कुत्री उठून बसली.

"हीच," मामा म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी बांगड्यांच्या काचांत अडकले होते.

नवऱ्यानं सीट काढून फळ्या ठोकल्या. मागं गॅसची शेगडी आली, मध्ये माझ्या दोन जुन्या साड्यांचे पडदे लागले, आणि मामांचं अंथरूण पुढच्या दाराशी. देवांना जागाच मिळेना, तेव्हा ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, लाल कापड घालून देव मांडले. म्हैस पुढच्या चाकापाशी बांधली, बरोबर ड्रायव्हरच्या खिडकीखाली. आमच्या लेकीला ही सगळी सहल वाटत होती. मला मात्र रोज वाटायचं की बस एका बाजूला कलते आहे. मी पाण्याचं भांडं ठेवून बघायचे.

आता माझ्याबद्दलचं सांगते, कारण ते लपवून पुढचं सांगता येणार नाही.

घराचा नकाशा ठरवायला आम्ही इंजिनिअरकडं गेलो, तेव्हा त्यानं दारात छोटा चौकोन काढून त्यात 'गोठा' लिहिलं होतं. नवरा फोनवर बोलायला बाहेर गेला. मी म्हटलं, "इथं पार्किंग दाखवा." इंजिनिअरनं खोडलं आणि लिहिलं. लग्नाच्या सतरा वर्षांपैकी दहा वर्षं मी त्या शेणामुताच्या वासात चहा प्यायले होते. पाहुणे नाकाला पदर लावून आत यायचे. नवं घर तरी स्वच्छ असावं, एवढंच मला हवं होतं. नवऱ्यानं नकाशा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि नकाशाची गुंडाळी केली. रात्री म्हणाला, "घर होऊ दे, मग आबांना सांगू." पुढं त्यानं एका गवळ्याशी बोलूनही ठेवलं. वास्तुशांतीच्या दिवशी मामा पूजेला आले की गवळ्यानं मागाहून बसपाशी यायचं आणि म्हैस घेऊन जायची. आरडाओरडा पाहुण्यांसमोर होणार नाही, हा त्यातला हिशेब. तो हिशेबही माझाच होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या बसमध्ये भोगलं. मामांनी नुसतं "घर कुठवर आलं?" विचारलं तरी मला वाटायचं, यांना कळलंय. त्यांनी नाही विचारलं तर वाटायचं, कळलंय म्हणूनच विचारत नाहीत.

आणि मग देव सरकायला लागले.

सकाळी पूजा करून मी शाळेत शिकवायला जायचे. संध्याकाळी येऊन बघावं, तर बाळकृष्ण कापडाच्या कडेला आलेला आणि घंटी आडवी. पहिल्या दिवशी उंदीर म्हटलं. दुसऱ्या दिवशी लेकीला रागावले. तिसऱ्या दिवशी मात्र मी बॉनेटला हात लावला. पत्रा कोमट होता.

म्हणजे दिवसा कुणीतरी इंजिन चालू करत होतं. दिवसा बसमध्ये मामांशिवाय कोण असणार? मग मला एकेक दिसायला लागलं. माझ्या फळीखाली डिझेलचा कॅन. ड्रायव्हरच्या सीटवर पेंडीचा चुरा. एकदा लवकर घरी आले, तर हाताला काळं ग्रीस लागलेला एक अनोळखी माणूस बसखालून बाहेर येत होता, आणि मला बघताच मामा हवापाण्याचं बोलायला लागले.

"मामा, डिझेल कशाला आणलंय?" मी एकदा विचारलंच.

"सापकिरडाला, पोरी. रान हाय हे. भवतीनं शिपडावं लागतंय."

डिझेल शिंपडल्याचा वास काही मला आला नाही. मला खात्री पटली की मामा बस परस्पर विकणार. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जुना ड्रायव्हर आहे, बसू दे की स्टिअरिंगवर. तुला सगळ्यांचं सगळं दिसतं." त्याच्या बोलण्यात खोच होती की नव्हती, यावर मी दोन दिवस घालवले.

वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही देव आणि भांडी घेऊन पेठेत निघालो. मामा म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी सकाळी म्हशीचं उरकून येतो."

"मी दहाला न्यायला येतो," नवरा म्हणाला.

"बरं की."

एवढं सरळ 'बरं की' मामांनी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. रात्रभर मी त्या दोन शब्दांना उलटंपालटं करून बघत होते.

सकाळी नऊच्या सुमारास भटजी पाट मांडत होते आणि मी पाहुण्यांना ओवाळायचं तबक घेऊन दारात उभी होते. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. लांबलचक, दोन सुरांचा. मी हातातलं तबक घट्ट धरलं.

बस गल्लीत मावणार नव्हती. ती तोंडाशीच थांबली. आणि तिच्या मागून म्हैस पळत आली. धुतलेली, तेल लावलेली, शिंगं लाल, गळ्यात पाडव्याचे गोंडे. कळंब्यापासून पेठेपर्यंत ती त्या हॉर्नमागं पळत आली होती. तालमीतली पोरं कट्ट्यावरून उठून शिट्ट्या मारायला लागली. तेव्हा मला सरकलेले देव कळले, पेंडीचा चुरा कळला, डिझेल कळलं, बसखालचा तो माणूस कळला. मामा रोज दुपारी इंजिन चालू करून हॉर्न वाजवत होते आणि खिडकीतून तिला पेंड देत होते. मोटरसायकल आम्ही विकली होती, म्हणून त्यांनी तिला बस शिकवली होती. नव्या घरात तिला जागा नाही आणि ही मंडळी तिला परस्पर घालवणार, हे त्यांनी किती महिन्यांपूर्वी ओळखलं, त्यांना कुणी सांगितलं की कुणीच नाही सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही. बस निवडली त्या दिवशीसुद्धा त्यांच्या मनात हे होतं का, असा प्रश्न मला अजूनही पडतो.

मामा खाली उतरले, दावं हातात गोळा करून. म्हैस त्यांच्याही पुढं निघाली. गल्लीतलं तिसरं दार तिला कुणी दाखवावं लागलं नाही. ती आली आणि नेमकी आपल्या जुन्या जागी उभी राहिली. तिथं आता गुळगुळीत राखाडी फरशी होती. तिचा एक खूर घसरला, तिनं तो उचलून पुन्हा जपून टेकवला.

नवरा बाहेर आला आणि खाली बघत उभा राहिला. मामांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्यासमोर आले. रागावलेले दिसले असते तर मला सोपं गेलं असतं.

"पोरी," ते म्हणाले, "हिला कुटं बांधू, तू सांग."

नवऱ्याला नाही, मला विचारलं. दारात पंधरा-वीस माणसं होती. सतरा वर्षं मी ज्याच्या-त्याच्यावर संशय घेतला, आणि त्या घरात एकच लबाडी झाली होती, ती माझी. मला फार लाज वाटली.

मी तबक उंबऱ्यावर ठेवलं आणि त्यांच्या हातातलं दावं घेतलं. खुंटा कुठंच नव्हता. तो काढून टाकायला मीच सांगितलं होतं. आत भटजी यजमानीणबाईंना बोलावत होते. मी म्हशीला धरून तशीच तिथं उभी राहिले.