नापासबाईंनी पास केलेलं यंत्र

टेबलफॅनच्या कारखान्यात सगळ्यात शेवटचं टेबल नापासबाईंचं. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात असेल कुठेतरी, पण सव्वीस वर्षांत ते कुणाच्या तोंडी आलं नाही. तयार झालेला प्रत्येक पंखा त्यांच्यापुढे यायचा. त्या वायरला दोन हिसके द्यायच्या, बटण दहा वेळा चालू-बंद करायच्या, मग पंख्याच्या पाठीवर तळहात ठेवून कान लावायच्या. जरा जरी घरघर ऐकू आली, की पंखा गेला मागे. साहेब काकुळतीला यायचे, "बाई, आज गाडी भरायचीय हो!" त्यावर उत्तर ठरलेलं, "भरा की. चांगल्या पंख्यांनी भरा." आता बोला!

ही खोड त्यांना थोरल्या बहिणीकडून मिळालेली. ताई शाळेत शिवण शिकवायची. लहानपणी धाकटीने घातलेली टीप ती डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि एकच शब्द बोलायची, "उसव." साऱ्या जन्मात तिने बहिणीला "छान" म्हटल्याचं कुणाच्या कानावर नाही. फारच खूश असली तर "चालेल." दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, आणि तो "चालेल"सुद्धा गेला. तेव्हापासून ताई पाटीवर लिहून बोलते.

तिचा आवाज उरला होता एकाच ठिकाणी. शाळेतून निवृत्त होताना ताई समारंभात एक गाणं गायली होती आणि एका विद्यार्थिनीने त्याची डीव्हीडी करून दिली होती. सहा मिनिटांचं गाणं. पण डीव्हीडीवर ओरखडे पडलेले. घरातल्या जुन्या प्लेअरवर ती लागेना, संगणकाने तर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ताईचा मुलगा म्हणाला, "मावशी, ती डीव्हीडी मेली. सोड आता नाद."

"ती मेली की तुमची यंत्रं आंधळी, हे तपासलं कुणी?"

"अगं, पण आता प्लेअर घेतं कोण? सगळं मोबाइलवर मिळतं."

"तुझ्या आईचा आवाज मिळतो?"

भाच्याने मोबाइल खिशात ठेवला. ताईचा पासष्टावा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला होता. भेट काय द्यायची, ते नापासबाईंनी त्याच क्षणी ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी बाई टीव्ही-प्लेअरच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. पिशवीत दोन डीव्हीड्या. एक भाच्याकडची टाकाऊ, मुद्दाम ओरखडलेली. दुसरी ताईची, टॉवेलात गुंडाळलेली. पहिलीवर जे यंत्र पास होईल, त्यालाच दुसरीचं दर्शन!

दुकानदाराने सगळ्यात आधी दाखवला तो बारीक, चंदेरी, दिमाखदार प्लेअर. बाईंनी वायरला हिसका दिला. दुकानदार धावतच पुढे आला.

"काकू, अहो, हे काय करताय?"

"विकत घेतल्यावर घरी कुणीतरी ओढणारच ना? मग आत्ताच ओढलेली बरी."

चंदेरीचा ट्रे बाराव्या वेळी अडकला. दुसरा ओरखडे बघून थांबला तो थांबलाच. तिसरा छान चालला, पण अर्ध्या तासात असा तापला की बाईंनी हात मागे घेतला. दुकानदाराने कपाळाला हात लावला. पण माणूस चांगला. स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि वैतागून म्हणाला, "काकू, तुमच्या पसंतीचा प्लेअर अजून जन्माला यायचाय."

"तो खाली धूळ खात पडलाय, तो कुठला?"

"तो? जुना माल आहे हो. जाडजूड, नाव ना गाव. वर्षाची गॅरंटी देतो, पण दिसायला..."

"दिसण्याशी मला लग्न लावायचंय का? काढा."

वीस वेळा ट्रे उघडला, वीस वेळा मिटला. तास झाला तरी अंग कोमटच. बाईंनी कान लावला. मोटर एका लयीत फिरत होती, कुठे कुरकुर नाही. टाकाऊ डीव्हीडी त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. किंमतही चंदेरीच्या निम्मी.

मग बाईंनी टॉवेल सोडला. ताईची डीव्हीडी ट्रेवर ठेवली. दुकानातल्या टीव्हीचा पडदा काळा, काळाच, आणि मग भरल्या दुकानात ताईचा पहिला सूर उमटला. बाईंनी झटकन बटण दाबून तो बंद केला.

"अहो, चालला होता की!" दुकानदार ओरडला.

"पुढचं आधी तिने ऐकायचं," बाई म्हणाल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अर्धवट तपासलेला माल पास केला होता.

वाढदिवसाला सगळे ताईच्या घरी जमले. सगळ्यांदेखत गाणं मध्येच अडकलं तर? बाई प्लेअरशेजारी जमिनीवर बसल्या, तळहात त्याच्या पाठीवर. गाणं सुरू झालं. ताई खुर्चीत ताठ बसलेली, पाटी मांडीवर, चेहऱ्यावरची रेष हलेना. दुसऱ्या कडव्यात चित्र एकदम थिजलं. भाच्याने डोळे मिटले. बाईंच्या हाताला मात्र कळत होतं, आत मोटर जोर लावतेय, सोडत नाहीये. "चल बाबा, चल," त्या पुटपुटल्या. आणि चाललं की हो ते! आवाज पुन्हा वर चढला आणि सहा मिनिटं पुरी झाली.

ताईने पाटीवर लिहिलं, "दुसऱ्या कडव्यात सूर घसरलाय."

सगळे खो खो हसले. ही बाई स्वतःलाही सोडायची नाही! नापासबाईंनी डोळे पुसत विचारलं, "मग काय, नापास?"

ताईने पाटी पुसली. बराच वेळ लिहीत राहिली, मग पाटी बहिणीकडे वळवली. शिवणाच्या टाक्यांसारखी नेटकी अक्षरं होती.

"मी नापास. यंत्र पास. तू पहिल्या नंबराने."

नापासबाईंनी ते तीनदा वाचलं. ताईने पुसायला हात पुढे केला, तशी त्यांनी पाटी काढूनच घेतली आणि छातीशी धरून बसल्या. त्या दिवशी ताईला पुढचं सगळं बोलणं कागदावर लिहावं लागलं. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, "परत लाव."