लाल मुठीचा दोरा

आमच्या गावात कोणाचं बरं झालं की ते देवाने केलं, आणि वाईट झालं की ते त्या माणसाच्याच हातून झालं. ही रीत मी लहानपणापासून ऐकत आलो. ती एवढी सोयीची असेल हे मात्र मला पुढे कळलं, जेव्हा ती माझ्या सोयीची झाली.

गाव पेडण्याच्या किनाऱ्यावरचं. वर सडा, म्हणजे कातळाचं माळरान, सड्याच्या टोकाला कडा, कड्याखाली काळे खडक आणि वाळू. दिवाळीनंतर दुपारी समुद्रावरून सरळ वारा येतो, कड्याला आपटतो आणि वर चढतो. वाडवडिलांनी त्या सड्यावर गुरं चारली. मग गोरे पाहुणे छत्र्या घेऊन आले, कड्यावरून धावत सुटून हवेत तरंगायला लागले, आणि त्यांच्या मागून आम्ही. पॅराग्लायडिंग म्हणायला जीभ वळायची नाही, म्हणून सगळा गाव छत्रीच म्हणायचा. आम्ही सहाजण होतो. कोणी मांद्र्याला गेस्टहाउसात काम करत होता, कोणी होडीवर, मी घरीच बसून आईचे टोमणे खात होतो.

फौजी आमच्याकडे मेव्हण्याच्या श्राद्धाला आला होता. तेरेखोल नदीच्या पलीकडचा, सिंधुदुर्गातला माणूस. बहीण आमच्या गावात दिलेली. सैन्यात विमानातून उड्या मारण्यात त्याची उमर गेली होती. संध्याकाळी सड्यावर पाय मोकळे करायला आला, आम्हाला बघितलं, आणि अशा काही शिव्या घातल्या की त्या आम्ही नंतर आपसात वापरायला घेतल्या. मरायचं असेल तर विहिरीत मरा, सडा कशाला बाटवता, असं त्याचं म्हणणं. श्राद्ध आटोपलं तरी तो गेला नाही. बहिणीच्या सोप्यावर पेटी टाकली आणि आम्हाला शिकवायला लागला.

दोन महिने छत्रीला हात लावू दिला नाही. शाळेच्या दगडी गडग्यावरून वाळूत उड्या मारायच्या, गुडघे जोडून, आणि पडल्यावर अंग कलतं टाकून लोळायचं. मासळीला निघालेल्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन उभ्या राहायच्या आणि खो खो हसायच्या. माझी मावशी म्हणाली, बारा वर्षांचा होईपर्यंत पडायला शिकला नाही, आता शिकतोय. हसा म्हटलं, हसा. पण त्या दोन महिन्यांत आमचं काहीतरी झालं. सकाळी दहाला सगळ्यांनी एकत्र बसायचं, पोदेराकडचे उंडे पाव आणि पातळभाजी खायची, काल कोणाचं काय चुकलं ते ज्याचं त्याने सांगायचं. दुसऱ्याने सांगितलं तर फौजी त्याला उठवायचा. स्वतःची चूक चार लोकांत सांगायची सवय आमच्या गावात कोणालाच नव्हती. मला ती लागली होती असं मला वाटायचं.

प्रत्येकाच्या पट्ट्यांच्या खुर्चीत एक राखीव छत्री असते. मोठी छत्री हवेत मिटली, तर बाजूची लाल मूठ एका झटक्यात ओढायची. राखीव बाहेर पडते आणि माणूस वाचतो. दमट हवेने ती आतल्या आत चिकटते, म्हणून मधूनमधून उघडून, वाळवून पुन्हा घडी घालावी लागते. गावात एवढी लांब, गुळगुळीत फरशी एकाच ठिकाणी, देवळाच्या मंडपात. फौजीने देवळाच्या महाजनांचे पाय धरून परवानगी मिळवली आणि आम्ही तिथे आंघोळ करून, अनवाणी, घड्या घालायचो.

आणि एक नियम होता. उडणाऱ्याने स्वतःला तपासायचं नाही. दुसऱ्याने तपासायचं, हेल्मेटपासून सुरू करून शेवटी लाल मुठीला हात लावून मोठ्याने म्हणायचं, "मूठ मोकळी." मग शिट्टी. शिट्टी वाजल्याशिवाय कड्याकडे एक पाऊल नाही. फौजी नसला की तपासायचं काम माझं. का, तर मी सहाजणांत सगळ्यात भित्रा, आणि भित्रा माणूस नीट बघतो, असं तो म्हणायचा. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

दसऱ्याला फौजी आपल्या घरी गेला. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते, कोयता, नांगर, होडीचं इंजिन, सगळ्याची. आम्ही सहा खुर्च्या मंडपात मांडल्या. गावाचं देवकार्य करणारा घाडी आला, देवाला गाऱ्हाणं घातलं, या पोरांना सांभाळ म्हणाला, आणि मंतरलेला लाल दोरा हातात घेऊन माझ्याकडे वळला.

"ह्यातला जीव वाचवणारा खंयचा?"

मी बोट दाखवलं. लाल मूठ. दुसरं काय दाखवणार? त्याने सहाही मुठींना दोरा गुंडाळला, पट्ट्याला ताणून घट्ट गाठी मारल्या. वर गोंडा लावला. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. म्हणजे जी वस्तू एका झटक्यात सुटायला हवी, ती आम्ही देवाच्या नावाने बांधून ठेवली, आणि जागा दाखवली मी.

फौजी आला, बघितलं, खिशातून कात्री काढली आणि सहाही दोरे कापले. दोरे नीट गोळा केले, देवळातल्या तुळशीत ठेवले, हात जोडले. पण ते कोणाच्या डोळ्यांना दिसलं नाही. पलीकडचा माणूस येऊन आमच्या देवाचा दोरा कापतो, एवढंच दिसलं. दोन दिवसांत मंडपात बैठक. सडा गावाचा, देऊळ गावाचं, तर नियम कोणाचा, असा प्रश्न. फौजी उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "दोरो पट्ट्याक बांधा, माझ्या गळ्यात बांधा. मुठीक नको."

याच्यापेक्षा सरळ काय बोलायचं असतं? पण महाजन म्हणाले, देव जिथे बसला तिथून त्याला उठवता येत नाही. बायकांच्या बाजूला माझी आई बसली होती, तिनेही होकाराची मान हलवली. मग फौजीने आमच्याकडे बघितलं. खरं तर एकट्या माझ्याकडे. तपासणारा मी होतो. मी एवढंच सांगायला हवं होतं की मूठ दाखवली ती मी, चूक माझी, रोज सकाळी सांगायचो तसं. मी पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिलो.

आईला घाबरलो, गावाला घाबरलो, हे सगळं आहेच. पण आता या वयात लपवून काय उपयोग? फौजी गेला की मास्तर मी होणार, हेही माझ्या डोक्यात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो पेटी घेऊन गेला. जाताना शिट्टी माझ्या दारातल्या खुंटीला अडकवून गेला. हाक मारली नाही.

घाडीने नवे दोरे केले. पहिले कापले गेले म्हणून या वेळी कोणीतरी शहाण्याने सुचवलं आणि दोऱ्यात जाळ्याचा नायलॉन वळला. त्या नायलॉनने मोठमोठे मासे ओढतात आमच्याकडे. वरून लाल सूतच दिसायचं, बाकीच्या पाचजणांना आतलं ठाऊक नव्हतं. मी हात लावून बघितला. तपासणारा होतो ना!

त्यानंतर सबंध हंगामभर मी प्रत्येकाच्या मुठीला हात लावून "मूठ मोकळी" म्हणत होतो आणि शिट्टी वाजवत होतो. बोटांना गाठ लागायची. पहिल्या दिवशी तोंड कोरडं पडलं. आठवड्याने नाही पडलं. माणूस कशालाही सरावतो, असं म्हणतात ते काही कौतुकाने म्हणत नसावेत.

शिमग्याच्या आधी एका दुपारी वारा जरा वाकडा होता. आमच्यातला सगळ्यात चांगला उडणारा, माझ्याच वाडीतला मित्र, म्हणाला की पैसे देऊन उडायला आलेल्या पाहुण्यांना नेण्याआधी मी एकटा बघून येतो. मी त्याला तपासलं. हेल्मेट, पट्टे, कड्या. मुठीला हात लावला. म्हणायचं ते म्हटलं. शिट्टी वाजवली. तो धावला आणि सुटला.

कड्याच्या वळणावर त्याची छत्री एका बाजूने मिटली आणि तो गरगर फिरायला लागला. त्याचा हात मुठीकडे गेलेला मी कड्यावरून बघितला. ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. खालचे कोळी ओरडत होते. तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून ओढल्यावर गाठ सुटली आणि राखीव बाहेर आली, पण तोवर जमीन आली होती. ती अर्धी उघडली आणि तो खडकावर बसल्यासारखा आपटला.

मी सगळ्यात आधी खाली पोचलो. मित्राचे डोळे उघडे होते, कमरेखाली काही कळत नाही म्हणत होता. त्याला धीर दिला. आणि धीर देता देता मुठीला लोंबणारा दोरा तोडून खिशात घातला. हे मी केलं. लोकांनी झोळी करून त्याला वर आणलं, तेव्हा दोरा माझ्या खिशात होता.

गाव म्हणाला, दोऱ्याने वाचवला. नाहीतर मेलाच असता. घाडी इस्पितळात अंगारा घेऊन गेला.

फौजी आला तो चौथ्या दिवशी. बस बदलत, धापा टाकत इस्पितळात शिरला, खाटेवरच्या मित्राच्या कपाळाला हात लावला, आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

"मुठीक दोरो होतो?"

"नाय," मी म्हटलं. "मी कापललो."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तपासणारा खोटं बोलत नाही हे त्यानेच शिकवलेलं, त्यामुळे त्याने विश्वास ठेवला. डोळे पुसले आणि परत गेला. दोन वर्षांनी वारला. मी गेलो नाही.

मित्र चालला नाही तो नाहीच. चाकाच्या खुर्चीत सोप्यावर बसून असतो. आम्ही पाचजण पांगलो, छत्र्या विकल्या. मी दर दसऱ्याला त्याच्याकडे सोनं द्यायला जातो. त्याच्या उजव्या हातात एक रबरी चेंडू असतो, तो दिवसभर दाबत असतो. इतकी वर्षं मी समजत होतो की डॉक्टरांनी सांगितलं असेल.

यंदा आपट्याची पानं घेतल्यावर त्याने माझा हात सोडला नाही. म्हणाला, तू सगळं नीट तपासलं होतंस, मला आठवतंय, मूठ मोकळी म्हणालास, आणि दोरा तर नुसता सुताचा. मग दोनदा ओढून का नाही आली? रात्री झोप लागली नाही की मी हेच बघत असतो.

"खरा सांग. माझ्या हातातच जोर नव्हतो, होय ना?"

तो दोरा माझ्या कपाटात आहे, शिट्टीला गुंडाळलेला. नायलॉन कुजत नाही. घर त्याच्या सोप्यापासून शंभर पावलांवर. जाऊन आणायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, "होय."

त्याने मान हलवली, मला वाटलंच होतं म्हणाला, आणि पुन्हा चेंडू दाबायला लागला.