काकूंचं मोगऱ्याचं सरबत

"बर्फ कुठचा?" समोर पेला आला की काकूंचा पहिला प्रश्न हाच. मग पेला नाकाशी, डोळे बारीक आणि लगेच निकाल. रत्नागिरीतला विकतचा बर्फ आधी मासळीचा, मग माणसांचा, असं त्यांचं ठाम मत. तुमच्याही आळीत अशी एखादी असेल, जिच्यापुढे वाटी ठेवताना आपलाच हात अवघडतो.

त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये दोन घरं. उन्हाळ्यात काकू मोगऱ्याचं सरबत करत. गजरेवाल्याची फुलं चालत नसत. त्यांवर काय मारलंय कोण जाणे. अंगणातल्या अर्धवट उमललेल्या कळ्या संध्याकाळी खुडायच्या, उकळून गार केलेल्या पाण्यावर सोडायच्या, वर पातळ फडकं. सकाळी फुलं काढून त्या पाण्यात साखरेचा पाक, लिंबू आणि घरचा बर्फ. मी हे वहीत लिहून घेत होते, तर म्हणाल्या, "लिहून काय होणार गो? फुलं कधी काढायची ते नाक सांगतं."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आळी त्यांच्याकडे या सरबतासाठी जमायची. दुसऱ्यांकडचं मात्र त्यांना क्वचितच पसंत पडे. शेजारच्या वहिनींचं पन्हं त्यांनी एकदा भर बायकांत परत केलं होतं. वहिनी ते विसरल्या नव्हत्या.

एका वर्षी काकूंना तापाने गाठलं. बऱ्या झाल्यावर त्या मला रोज सकाळी हाक मारू लागल्या. पाण्याला वास येतोय का बघ, तूप बघ, तू दिलेल्या कळ्या बघ. ज्या बाईने स्वयंपाकघरात कधी कुणाला घेतलं नाही, ती मला आत का बोलावतेय? मी काही खराब देते असा संशय माझ्यावरच असणार, असं मी धरून चालले. काय काय हुंगायला लावलं ते तारीखवार टिपूनही ठेवलं.

मग एका सकाळी करपल्याचा वास थेट फाटकापर्यंत आला. काकू शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, शांतपणे तांदूळ निवडत होत्या. मी गॅस बंद केला. त्यांनी काळ्या पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरी येऊन मी वहीतलं ते तारखांचं पान फाडलं.

काकूंचं नाक गेलंय हे आळीला कळलं असतं, तर आजवर नाकारलेलं एकूण एक पन्हं त्यांच्यावर उलटलं असतं. हळदीकुंकू आठ दिवसांवर होतं. त्या दिवशी सकाळी फुलं मी सांगितलं तेव्हा काकूंनी काढली. आयत्या वेळी बर्फ कमी पडला, तो वहिनींनी आणला, पेल्यांत टाकला आणि पहिला पेला काकूंपुढे धरला. "घ्या काकू, आधी वास घ्या की."

दोघी-तिघी हसल्या. वहिनींना कुठूनतरी कुणकुण लागली होती.

मी शेजारीच उभी होते. पेल्यातून बांगड्याचा वास स्पष्ट येत होता. काकूंनी डोळे बारीक केले आणि काठावरून माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, अगदी जराशी.

"जेटीवरचा बर्फ आहे," पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या. "ओता सगळे."

उरलेलं बिनबर्फाचं सरबत सगळ्या निमूट प्यायल्या, वहिनीसुद्धा.

त्याच पावसाळ्यात काकू गेल्या. मला आठवते ती हळदीकुंकवाच्या दिवशीची संध्याकाळ. बायका गेल्यावर त्यांनी विचारलं, कुणाला बोललीस का. नाही म्हटलं, तर थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग आम्ही तळाचं सरबत वाटून घेतलं.

"यंदा मोगरा कसा आलाय?" त्या म्हणाल्या. "खरं सांग."

मला याद्या जमतात, वास सांगता येत नाही. "नेहमीसारखा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नसावा. मग डोळे मिटून एकेक घोट घेत त्यांनी पेला संपवला.