मावशींचा चाफा आणि माझी माया

आधीच सांगते, हसायचं नाही! आमच्या रोडपालीच्या बागेत मी जे दिवे लावलेत ना, ते ऐकून तुम्ही मला तुमच्या तुळशीजवळसुद्धा फिरकू देणार नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण बागेत राबतो. कुणी कचरा उचलतं, कुणी झाडांना आळी करतं. त्यातल्या म्हात्रेमावशी मूळच्या गव्हाणच्या. यजमान गेले तेव्हा मावशींनी त्यांच्या आठवणीत बागेत चाफा लावला. रोज त्याच्याशी गप्पा मारायच्या! दिवाळीनंतर त्या दोन महिने लेकीकडे निघाल्या, तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, आमचं म्हातारं तुज्या हवाली हाय."

"मावशी, निर्धास्त जा!" मी म्हटलं. किती तो आत्मविश्वास!

महिनाभर सगळं छान. मग एक पान पिवळं पडलं. मी एक बादली पाणी घातलं. चार पानं गळली. दोन बादल्या घातल्या. शेणखत घातलं, ताक घातलं, देवाला नारळ बोलले. जितकं पाणी, तितकी पानगळ! शेवटी नुसत्या काटक्या उरल्या.

"गेला," आमच्या गटातले सावंतकाका म्हणाले. काकांना सगळ्यातलं सगळं कळतं.

"काका, असं काय बोलता!"

"मग काय? दहाव्याचं बघा आता."

आणि रविवारी मावशी परत येणार! काय सांगू त्यांना? मावशी, तुमचं म्हातारं दुसऱ्यांदा गेलं? रडूच फुटलं मला.

मग शनिवारी मी पनवेलच्या बाजारात गेले आणि मखराला लावतात ती प्लास्टिकची पानं घेऊन आले. हो, प्लास्टिकची! संध्याकाळी बागेत बसून एकेक पान तारेनं बांधलं.

रविवारी सकाळी फिरायला आलेली माणसं थबकायला लागली. "ताई, थंडीत एवढी हिरवीगार पानं? खत कुठलं?"

"खत कसलं हो, माया लागते!" मी निर्लज्जासारखं म्हटलं.

एवढ्यात मावशी आल्या. चाफ्यावरून हात फिरवला. एक पान हातात आलं, तारेसकट.

"गो, ह्ये काय?"

झालं! सगळ्यांसमोर मी भोकाड पसरलं. "मावशी, मी मारला हो तुमचा चाफा! माफ करा मला!"

मावशींनी फांदीला नख लावलं. टपकन पांढरा चीक आला. आणि मावशी हसायला लागल्या. इतक्या, इतक्या हसल्या की खालीच बसल्या.

"अगो येडे, थंडीत चाफा पानं टाकतोच! दर सालाला टाकतो. जित्ता हाय तो!"

"खरंच? मग... माझं पाणी?"

"थंडीत त्याला पानी लागत नाय. तोडून रस्त्यावर टाकला तरी चाफा मरत नाय, पन तू आनखी आठ दिस माया केली असतीस ना, तर मुळं कुजून नक्की मेला असता!"

सावंतकाका तेवढ्यात चपला शोधायला लागले. मी मावशींच्या गळ्यातच पडले. जिवंत होता हो, जिवंत!

आता झाडांचं काम माझ्याकडे नाही. मावशींनीच मला बागेतली बाकं धुवायला दिलीत. लोखंडी आहेत, मरायची भीती नाही. तरी काल पाण्याची बादली उचलली, तशा मावशी लांबून ओरडल्याच.

"पोरी, बेतानं गो! लोखंड गंजतं!"