हनीफभाईंनी गुंडाळलेली तार

माझ्याबद्दलच्या बहुतेक गोष्टी माझ्या बायकोला माहीत आहेत, आणि ज्या तिला नाहीत त्या शाळेच्या शिपायाला माहीत होत्या. ही एक दोघांनाही माहीत नाही. सांगायची वेळच आली नाही — की मी ती येऊ दिली नाही? जाऊ द्या. ऐका फक्त.

साठ-सत्तरच्या मधली, सत्तरकडे झुकलेली वर्षं. मी शहाद्याला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि घरी ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर बांधत होतो. तोवर सभेला यायचा तो काचेच्या व्हॉल्व्हचा : लोखंडी पेटी, उचलायला दोन माणसं, आणि तापायला इतका वेळ की तेवढ्यात अध्यक्षांची निवड उरकून जाई. माझा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणार होता. तापीकाठच्या गावांत वीज आली होती, पण पाहुण्यासारखी. राहील याचा भरवसा नव्हता. जीपची बॅटरी काढा, दोन तारा जोडा, कर्णा बोलू लागेल. मला भाषणांचं प्रेम नव्हतं. उलट, जी ऐकवत नाहीत ती जास्त मोठ्यानं ऐकवण्याचं यंत्र आपण का बांधतोय, हा प्रश्न मला तेव्हाही पडत असे. पण बांधण्याचा नाद वेगळाच असतो.

जोडणीचा नकाशा एका परदेशी मासिकातला होता. मला त्याचाही संशय होताच. शेवटच्या दोन मोठ्या ट्रान्झिस्टरांच्या पायाशी लेखकानं तारेची दोन छोटी वेटोळी घालायला सांगितली होती — गरमी वाढली की ती ट्रान्झिस्टरांना आवरून धरतात. पण थोडा आवाजही खातात. मी म्हटलं, हा भित्रा माणूस दिसतो. त्याच्याकडे उन्हाळा म्हणजे स्वेटर काढायचे आठ दिवस. तो मला गरमीचं काय शिकवणार? मी दोन्ही वेटोळी काढून टाकली. आवाज वाढला. मी खूश.

हे मी एकट्यानं केलं, हे लक्षात ठेवा.

त्यात एक लहान, एक मोठा असे दोन ट्रान्सफॉर्मर लागत. तो नाजूक हात माझा नव्हता. ते गुंडाळले हनीफभाईंनी. त्यांचं दुकान बाजाराच्या टोकाला. जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचे, पंख्यांतही, आणि रेडिओचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे. तांब्याची तार मी स्वतः धुळ्याहून आणून त्यांच्या हातात दिली, पण देण्याआधीच मला संशय आला होता. का? काही कारण नाही. शिंपी कापड मारतो, सोनार सोनं मारतो, तसा मोटर भरणारा तार मारतो — असं सगळे म्हणत. चार वेढे कमी घातले तर कोण उघडून बघतो? मी देण्याआधी तार आणि गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या एका सोनाराकडे तोलून घेतल्या होत्या. ट्रान्सफॉर्मर तयार झाल्यावर, उरलेल्या तारेसकट, पुन्हा त्याच्याकडे नेले. चोरी पकडायला सोनाराकडे जाणं यातला विनोद मला तेव्हा कळला नाही.

वजन बरोबर होतं. तारेचा तुकडासुद्धा गेला नव्हता.

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं सगळं ऐकताना तुम्ही हेही लक्षात ठेवा — मी तर कधी विसरलो नाही.

पौषातल्या सकाळी माझ्या ओसरीवर यंत्र पहिल्यांदा बोललं. हनीफभाई आले होते. गाणं कसं वाजतंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी ट्रान्झिस्टर बसवलेल्या पत्र्यावर तळवा ठेवला, तसाच उचलला, आणि म्हणाले, "मास्तर, थंडीम्हा इतलं तपस, ते उन्हायाम्हा काय व्हई?"

मी हसलो. मोटरी भरणारा माणूस मला ट्रान्झिस्टर शिकवणार!

आता आप्पांकडे येतो. आप्पा पाटील म्हणजे सारंगखेड्याच्या बाजूच्या एका गावातले मोठे गुजर शेतकरी. कापूस, केळी, ऊस. गावानं मिळून तापीवर पाणी उचलायचे पंप बसवले होते, आणि उद्घाटन वैशाखात भर दुपारी ठेवलं होतं, कारण प्रमुख पाहुण्यांना सकाळी दुसऱ्या गावात नारळ फोडायचा होता. कर्णा माझा. आणि आप्पांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं की पंपांच्या मोटरी जळाल्या की भरायचं काम हनीफभाईंकडे. नदीवरच्या मोटरी जळतातच. एका माणसाला जन्मभर पुरेल एवढं ते काम होतं. हनीफभाई त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते.

यंत्र मांडवाच्या कडेला एका छपराखाली होतं. तीन सत्कार झाले. पाहुणे बोलायला उठले, "या पवित्र जलधारेच्या" इथपर्यंत पोचले, आणि आवाज जाड झाला, घोगरा झाला, मग नुसतं गुं-गुं, मग काही नाही. जळका वास आला. पाहुण्यांचं भाषण बंद पाडणं ही एरवी मी समाजसेवा समजलो असतो. पण चारशे तोंडं माझ्याकडे वळली होती.

मी ट्रान्झिस्टरांच्या पत्र्याला बोट लावलं. चटका बसला. त्याच क्षणी मला सगळं समजलं — वेटोळी, पौष, हनीफभाईंचा तळवा. मग मी दुसऱ्या हातानं मोठा ट्रान्सफॉर्मर चाचपला. उन्हानं कोमट होता, तेवढाच.

आप्पा वाकून हळूच म्हणाले, "काय मास्तर, काय व्हयनं?"

इथे मी थांबलो. किती थांबलो? फार नाही. पण "माझं चुकलं" म्हणायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्तच.

"ट्रान्सफॉर्मर गेला असावा," मी म्हणालो.

"तार मारी का हनीफनी?"

मी "हो" म्हणालो नाही. हे मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो — मी हो म्हणालो नव्हतो. मी खांदे उडवले आणि म्हणालो, "आता कोणाचं काय सांगावं, आप्पा."

आप्पांनी मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं. बस. मोटरींचं काम सुरतेच्या माणसाकडे गेलं. आणि एकदा तार मारणारा म्हटल्यावर शहाद्यातलेही लोक पंखे दुसरीकडे न्यायला लागले. प्रत्येकाला कुठली तरी जुनी जळालेली मोटर आठवू लागली. संशयाला पुरावा लागत नाही. तो मागाहून गोळा करता येतो.

आठवड्यानं हनीफभाई घरी आले. बसले नाहीत. म्हणाले, "तार पुरी व्हती, मास्तर. तुमले माहीत शे. सोनारनी बी तवयच सांगं माले."

म्हणजे मी तोलून पाहिलं, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि तरी पौषात ते माझ्या ओसरीवर येऊन पत्र्याला हात लावून गेले होते. त्यांनी हे आप्पांना का सांगितलं नसेल? मास्तरापुढे त्यांचं कोण ऐकणार — हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं.

मी म्हणालो, "बघतो." त्यांनी ट्रान्सफॉर्मर दाखवायला मागितला. मी म्हणालो, टाकून दिला. तो आतल्या खोलीत टेबलावर होता.

पुढे मी नवे ट्रान्झिस्टर आणले, वेटोळी जागच्या जागी घातली, पत्रा मोठा केला. ट्रान्सफॉर्मर तेच ठेवले. यंत्र चाललं. शाळेत झेंडावंदनाला, स्नेहसंमेलनाला कित्येक वर्षं चाललं. ट्रान्सफॉर्मर नवे कोणी केले असं विचारलं की मी म्हणे, मीच. हनीफभाई शेवटच्या थराच्या कागदावर पेन्सिलीनं वेढ्यांचा आकडा आणि आपलं नाव लिहीत. त्यावर मी काळी चिकटपट्टी गुंडाळली.

दुकान मोडून ते नंदुरबारला गेले. एकदा तिथे बाजारात दिसले. पोत्यावर बसून कोणाच्या तरी स्टोव्हच्या टाकीला कथलाचा डाग देत होते. मला ओळखलं. म्हणाले, "मास्तर, तो भोंगा चालू शे का?"

"नाही," मी म्हणालो. "केव्हाच बंद पडला."

त्यांनी मान हलवली आणि डाग देऊ लागले.

यंत्र आता माझ्या कपाटात आहे. मधूनमधून बॅटरी जोडतो. भर वैशाखातसुद्धा तासभर चालवून त्या काळ्या पट्टीवर हात ठेवून पाहिला आहे. ट्रान्सफॉर्मर तापत नाही.